गुडघा बदलला, पण खातं बंद झालं नव्हतं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बोलायचं ठरलं तेव्हा सौ. म्हणाली, "तुमच्या गुडघ्याचंच सांगा. इथे निम्म्यांचे गुडघे कुरकुरतात."

माझा उजवा गुडघा बदलला आणि वर्षभरात मी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढू लागलो. वाटलं, कर्ज फिटलं, खातं बंद! तीन वर्षांनी मूलकडच्या शेतात धुऱ्यावरून चालताना पायात बाभळीचा काटा रुतला. अंगठा चिघळला, मी हळद लावून बसलो. आठवड्याने ताप आला, गुडघा सुजून गरम झाला. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणलं. ताप उतरला, दुखणं राहिलं. असे दोन महिने ढकलले.

नागपूरच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "गोळ्या कोणी दिल्या?" मी मान खाली घातली. जखमेतले जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यावर जाऊन बसू शकतात, हे तेव्हा कळलं. निदानासाठी रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी होते, शिवाय सांध्यातलं पाणी सुईने काढून कल्चर करतात. आधीच गोळ्या घेतल्या तर जंतू असूनही कल्चरमध्ये न सापडण्याची शक्यता असते. म्हणून गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबावं लागलं.

पहिल्या काही दिवसांत गेलो असतो, तर सांधा उघडून, धुऊन, आतलं प्लास्टिक बदलून कदाचित भागलं असतं. उशीर झाल्याने सांधाच काढला, अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट बसवलं आणि कित्येक आठवड्यांच्या औषधांनंतर नवा सांधा घातला. नोकरीभर लोकांना सांगत आलो, हप्ता थकला तर लगेच या. स्वतःचा मात्र थकवला!

ही गुंतागुंत क्वचितच होते, पण ज्याला होते त्याला ती पूर्णच होते. म्हणून सांधा बदललेल्यांनी पायाची भेग, दाताचं दुखणं, लघवीची जळजळ अंगावर काढू नये. गुडघा अचानक सुजला तर मेडिकलमध्ये नाही, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजली, दम लागला, तर रात्रसुद्धा थांबू नका. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे. घरात कुणाला असेल तर शस्त्रक्रियेआधीच सांगा.

आज काठी टेकत का होईना, गेटजवळच्या बाकापर्यंत रोज येतो. गुडघ्याचं काही विचारायचं असेल तर तिथे या. व्याज लागणार नाही!