बार्शीच्या खेड्यांचे ऋण

(सोलापूर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



ज्या मृत्यूंची नोंद होत नाही, त्यांची जबाबदारीही कोणावर येत नाही. ग्रामीण भारतातील कर्करोगाची अवस्था दीर्घकाळ अशीच होती. आकडे होते ते मोठ्या शहरांचे. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे प्रथमच हिशेबात आली.

या कामाला डॉ. कस्तुरी जयंत यांच्या संशोधनाचा आधार होता. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगातील वाटा त्यांनी मुंबईत सहकाऱ्यांसह मोजला होता. तो अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्शीत प्रश्न वेगळा होता. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरांवर चालते. खेड्यातील स्त्री मात्र रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, त्यांनी सभा घेऊन लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात आणले. या प्रबोधनामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, हे जयंत, डॉ. बी. एम. नेने आदींनी १९९५ मध्ये दाखवून दिले.

याच पायावर १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची गावांच्या समूहांनुसार चार गटांत विभागणी झाली. एका गटाची या रोगास कारण ठरणाऱ्या विषाणूसाठी, म्हणजे एचपीव्हीसाठी तपासणी झाली. दुसऱ्याची पेशीपरीक्षा आणि तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी झाली. चौथा गट तुलनेसाठी होता. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या; तुलनेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

या ६४ मृत्यूंना ओलांडून पुढे जाता येणार नाही. तुलनेच्या गटाला आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी कोठे होते हे सांगितले गेले. प्रत्यक्ष तपासणी मात्र योजनेत नव्हती. यावर पुढे नैतिक टीका झाली. त्या काळी खेड्यांत अशी तपासणी नव्हतीच, असे समर्थनही झाले. ते समर्थन खरे मानले, तर दोष केवळ संशोधकांवर ठेवून भागत नाही. तपासणीचा अभाव हीच ‘नेहमीची सेवा’ ठरावी, अशी व्यवस्था कोणी चालू ठेवली, याचे उत्तर शासनाला द्यावे लागेल.

या पुराव्याचा उपयोग जगाने केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सत्तर टक्के स्त्रियांची तपासणी हे उद्दिष्ट ठरविले. आपल्या देशात मात्र २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झालेली आढळली. केंद्र शासनाने २०१६ साली दर पाच वर्षांनी तपासणीचा आराखडा आखूनही हे घडले.

सोलापुरातील विडी कामगार स्त्रीला हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. दवाखान्यात गेलेला दिवस तिच्या मजुरीतून कापला जातो. म्हणून वस्तीजवळ तपासणी, त्या दिवसाची भरपाई आणि दोष आढळल्यास त्वरित मोफत उपचार या तिन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. उपचाराविना तपासणी ही केवळ भीतीची वाटणी ठरेल.

कार्यकर्त्यांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गेल्या वर्षी किती स्त्रियांची तपासणी झाली, हे विचारावे आणि तो आकडा ग्रामसभेत मांडावा. बार्शी-परांड्याच्या स्त्रियांनी जगाला ज्ञान दिले. त्याचा लाभ त्यांच्या लेकीसुनांपर्यंत पोहोचेपर्यंत हे ऋण फिटणार नाही.