शेऱ्याखालची जागा



बालकाच्या विकासाचे मापन करावे की करू नये, हा वाद आता मागे पडला आहे असे मी मानते. ते कोणी करावे, कोणत्या भूमीवर करावे आणि केलेली नोंद पुढे कोणाच्या कामी यावी, याविषयी मात्र आपल्या व्यवहारात अद्याप जी अस्पष्टता आहे, तिच्याकडे आज आपले लक्ष वेधावे अशी माझी इच्छा आहे.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची श्रेणी रचली, ती ज्या मुलांना शाळेत अधिक साहाय्य हवे ती वेळीच ओळखता यावीत म्हणून. पुढे अन्यत्र तिचा उपयोग मुलांवर कायमचा शिक्का मारण्याकडे झाला, हा त्या विद्वानांच्या हेतूवर झालेला अन्यायच होय. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती श्रेणी मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविली, कारण परक्या मुलुखातील मापे आपल्या मुलांना जशीच्या तशी लावता येत नाहीत. परंतु मुलूख म्हणजे केवळ प्रांत नव्हे. डहाणू तालुक्यातील पाडा आणि तेथून दोन कोसांवरची बाजारपेठ हेही बालकाच्या दृष्टीने दोन मुलूखच आहेत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पाड्यावरील बालवाडीच्या तपासणीस मी हजर होते. साडेचार वर्षांच्या एका मुलीपुढे चित्रांचे तक्ते धरून प्रमाण मराठीत नावे विचारण्यात आली. ती खाली मान घालून उभी राहिली आणि रकान्यात ‘भाषाविकास अपुरा’ असा शेरा पडला. त्याच दुपारी कुडापाशी भावाच्या शेळ्या परतताना तिने प्रत्येकीला नावाने हाक मारली, एक कमी आहे हे सर्वांआधी ओळखले आणि ती कोठे मागे राहिली असावी, हे वारलीत सविस्तर सांगितले. तो शेरा खोडण्याचा अधिकार मला नव्हता. परंतु त्याखाली माझी नोंद लिहिण्याचा होता, आणि तो मी वापरला नाही, याची खंत मला आजही आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले, तेव्हा जी मुले बालवाडीत येईनात त्यांच्या अंगणात बालवाडी नेली आणि गुरांमागे जाणाऱ्यांसाठी पुढे कुरणात शाळा भरविली. शिकविणे मुलाच्या अंगणात जाऊ शकते, तर पारखणेही तेथेच गेले पाहिजे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली, तिच्या अंगणवाडीतील वजनाचा आलेख मला या बाबतीत आदर्श वाटतो: एका महिन्याचे वजन फार थोडे सांगते, रेषेची दिशा पुष्कळ सांगते. भाषेची, हातांच्या कौशल्याची, सवंगड्यांशी वागण्याची नोंदही अशीच सलग हवी. ऐकू न येणारे मूल आणि बुजलेले मूल एकाच चटईवर सारखेच गप्प बसते; त्यांतील भेद रोज पाहणाऱ्या सेविकेला प्रथम जाणवतो, आणि पहिल्याच्या बाबतीत ‘बोलेल हळूहळू’ म्हणून दवडलेला प्रत्येक महिना त्याला महाग पडतो.

यास्तव या परिषदेपुढे माझी सूचना एवढीच आहे, की प्रत्येक शेऱ्याखाली सेविकेच्या हस्ताक्षरासाठी जागा राखावी, तीत मुलाने काय केले आणि आपण त्यावर काय केले हे दोन्ही लिहावे, आईला ते वाचून दाखवावे, आणि या लिखाणासाठी सेविकेला आठवड्यातून एक दुपार इतर सर्व दप्तरातून मोकळी द्यावी.