वृंदनायक आणि परीक्षकाची खुर्ची



नागपूरच्या या उन्हाळ्यात दिवस मावळल्यावरही अंगणात पाणी शिंपडल्यावाचून बसवत नाही. अशा वेळी आपण एवढ्या संख्येने गाण्याविषयीचे कोरडे बोलणे ऐकायला आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय थोडा आडवाटेचा आहे. पाश्चात्त्य देशांत समूहगानाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात आणि त्यांचे परीक्षक बहुधा स्वतः वृंद चालविणारे, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘कंडक्टर’ असतात. आपल्याकडे कंडक्टर म्हटले की एस. टी.ची घंटा आणि तिकिटांची पेटी आठवते. म्हणून आम्ही ‘वृंदनायक’ हा शब्द वापरणार आहोत. हे वृंदनायक कसे घडतात, परीक्षकाच्या खुर्चीपर्यंत कसे पोचतात, आणि त्या खुर्चीवर आपल्यापैकी कोणी का दिसत नाही, एवढाच आजचा विचार आहे.

आधी ते काय करतात ते पाहू. एखाद्या गावच्या सभागृहात पाचसात माणसे टेबलांमागे बसलेली असतात. प्रत्येकापुढे गाणाऱ्या वृंदाने आगाऊ पाठविलेली स्वरलिपी असते. वृंद येतो, तीनचार रचना गातो, जातो. लगेच दुसरा येतो. दिवसाकाठी असे वीसवीस वृंद ऐकायचे, आणि सकाळच्या पहिल्याला व संध्याकाळच्या शेवटच्याला एकाच काट्याने तोलायचे! २००० साली ऑस्ट्रियातील लिंत्झ येथे ज्यांचा ‘कॉयर ऑलिंपिक्स’ म्हणून आरंभ झाला, त्या आजच्या ‘वर्ल्ड कॉयर गेम्स’मध्ये गुण देण्याच्या कसोट्या मुख्यतः चार आहेत: स्वरांची शुद्धता, नादाची प्रत, स्वरलिपीशी इमान आणि एकूण कलात्मक परिणाम. सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक गुणांच्या पायरीवर मिळते, त्यामुळे एकाच गटात अनेकांना सुवर्ण मिळू शकते.

या कसोट्या वाचताना आम्हांला शार्ङ्गदेवाची आठवण झाली. तेराव्या शतकात देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरी असलेला हा ग्रंथकार पेशाने हिशेबनीस होता. आपल्या ‘संगीतरत्नाकरा’त तो गाणाऱ्यांच्या वृंदाचा हिशेबही मांडतो. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक आणि बारा गायिका, शिवाय चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले. नुसते गाणारे मोजले तर चोवीस होतात, आणि युरोपातील उत्तम छोटे वृंद आजही साधारण याच आकाराचे असतात. पुढे तो वृंदाचे सहा गुण सांगतो. मुख्य गायकाला अनुसरणे, आवाजांचे मिलन, तालाशी एकरूप होऊन चालणे, एकाचा तुटलेला धागा दुसऱ्याने सांभाळणे, तिन्ही सप्तकांत पोचण्याची ताकद, आणि आवाजांचे सारखेपण. यातील चौथा गुण पाहा. लांब स्वर धरला असता सर्वांनी एकदम श्वास घेतला तर गाणे मध्येच पडते. म्हणून शेजारच्याचा श्वास संपतो तेव्हा आपण गात राहायचे आणि आपला संपतो तेव्हा त्याने. युरोपातील कोणताही वृंदनायक पहिल्या आठवड्यात हाच धडा देतो. म्हणजे गुणपत्रिका आपल्या घरात सातशे वर्षांपासून होती. नव्हता तो ती हातात घेऊन बसणारा परीक्षक, आणि परीक्षक नव्हता कारण वृंद नव्हता.

कारण असे की ही परीक्षा पुस्तकावरून करता येत नाही. चाळीस आवाजांत एक टेनर किंचित उतरतो आहे हे ओळखायला, तसा टेनर शंभर वेळा स्वतःच्या वृंदात सावरावा लागतो. परीक्षक होण्याची पदवी कोठे मिळत नाही. लहानपणी चर्चच्या किंवा शाळेच्या वृंदात गाणे, मग पियानो किंवा ऑर्गन, संगीतविद्यालयात वृंदसंचालनाचा अभ्यास, पुढे शाळामास्तरकी, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बँकेतले कारकून, परिचारिका, विद्यार्थी गोळा करून चालविलेला स्वतःचा वृंद, हा रस्ता. असा वृंद घेऊन तो स्पर्धांना जातो, हरतो, जिंकतो, आणि केस पिकू लागले की एके दिवशी पत्र येते: या वेळी आपण मंचाच्या दुसऱ्या बाजूला बसाल काय? त्यात पैसा फारसा नसतो. प्रवास, मुक्काम आणि बेताचे मानधन. घरचा वृंद मात्र तेवढे दिवस दुसऱ्याच्या हवाली करावा लागतो.

स्वीडनचे एरिक एरिकसन (१९१८–२०१३) हे या पंथातले मोठे नाव. विशी संपायच्या आत, १९४५ साली, त्यांनी मित्रमंडळी जमवून एक छोटा वृंद उभा केला, आणि १९५१ पासून तीस वर्षे स्वीडिश नभोवाणीचा वृंद चालविला. अवघड म्हणून बाजूला ठेवलेल्या नव्या रचना त्यांनी इतक्या सहज गाऊन घेतल्या की युरोपभरच्या संगीतकारांनी आपले लेखन त्या आवाजांना डोळ्यांपुढे ठेवून केले. जर्मनीच्या फ्रीडर बेर्नियुसनी १९६८ साली श्टुटगार्टचा वृंद स्थापिला तेव्हा ते जेमतेम एकविशीत होते, आणि पुढची पन्नासांहून अधिक वर्षे तोच वृंद त्यांनी घडविला. एकाच गवंड्याने एकच भिंत आयुष्यभर बांधावी तसा हा धंदा आहे.

परंतु आम्हांला विशेष सांगायचे आहे ते फिलिपाइन्सच्या आंद्रेआ व्हेनेरासिओन (१९२८–२०१३) यांच्याविषयी. त्यांनी १९६३ साली आपल्या विद्यापीठात ‘मॅड्रिगल सिंगर्स’ हा वृंद सुरू केला. त्यांच्यापुढे हातवारे करणारा कोणी उभा नसतो. गाणारे अर्धवर्तुळात बसून गातात, आणि बाई स्वतः त्याच ओळीच्या टोकाला बसून, गाता गाता, मानेच्या आणि नजरेच्या इशाऱ्याने सर्व चालवीत. आपल्या बैठकीसारखेच हे नाही काय? युरोपातल्या निवडक स्पर्धांचे विजेते ज्या ‘युरोपियन ग्रां प्री’साठी भिडतात, ती या वृंदाने १९९७ साली जिंकली, आणि २००७ साली बाईंच्या शिष्यांनी, मार्क कार्पिओ यांच्या नेतृत्वाखाली, पुन्हा जिंकली. तोवर हा मान दोनदा कोणालाच मिळाला नव्हता. युरोपच्या घरात जाऊन युरोपचे बक्षीस आणले, पण बसण्याची रीत बदलली नाही. पुढे आशियातले परीक्षक त्या टेबलांवर दिसू लागले त्यामागे असल्या विजयांचे बळ आहे, असे आमचे मत आहे.

परीक्षकाच्या खुर्चीला काटेही आहेत. आपल्या जुन्या शिष्याचा वृंद समोर आला तर काय करावे? सभ्य परीक्षक त्यापुरते गुण देत नाही. दुसरा काटा अधिक खोल आहे. वृंद स्वखर्चाने येतात, सहभागाचे शुल्क भरतात, गावातली हॉटेले भरतात. मग यजमानाला वाटते, शक्यतो सर्वांना काही ना काही पदक मिळावे. पदक उदार झाले की त्याचा भाव उतरतो, आणि कडक परीक्षकाला पुढच्या वर्षी पत्र येत नाही. हे सर्वत्र घडते असे नव्हे, पण घडू शकते हे नाकारण्यात अर्थ नाही.

यावर वेल्समधील लांगोलेन या लहानशा गावाची रीत आम्हांला फार आवडते. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती, तेव्हा १९४७ साली तेथे आंतरराष्ट्रीय गानमेळा भरला. १९४९ साली जर्मनीहून ल्यूबेकचा वृंद आला. ज्यांच्या घरची मुले युद्धात गेली होती अशा लोकांपुढे त्यांना गायचे होते, आणि लोकांनी त्यांचे स्वागत केले. १९५५ साली इटलीच्या मोदेना गावचा पुरुषवृंद तेथे पहिला आला. त्यात एक बेकरीवाला होता आणि त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्या मुलाचे नाव लुचियानो पावारोत्ती. वेल्सच्या परंपरेप्रमाणे परीक्षक निकाल देण्यापूर्वी मंचावर उभा राहून, कोणाचे काय चांगले झाले आणि कोठे उणे पडले, हे हजारो श्रोत्यांपुढे सांगतो. बंद पाकिटातल्या आकड्यामागे लपण्याची सोय तेथे नाही.

आता आपल्याकडे वळू. विदर्भाला एकत्र गाणे परके आहे असे कोण म्हणेल? मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना रुजविली. हजारोंचा एक आवाज आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. गावोगाव खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, आणि वही-पेन्सिल घेऊन बसलेले परीक्षकही असतात. परंतु तेथे एक सांगतो आणि बाकीचे झेलतात. सर्वांचा स्वर एकच असतो. चार निरनिराळ्या ओळी एकाच वेळी चालवून त्यांचा मेळ बसविणे ही निराळी विद्या आहे. आपले अभिजात संगीत तर एकट्याच्या प्रतिभेवर उभे आहे. वसंतराव देशपांडे याच शहरात सप्रे गुरुजींकडे शिकले. त्यांना एखाद्या वृंदात बसविले असते तर वृंदनायकाने पहिल्याच दिवशी हात जोडून त्यांना बाहेर बसविले असते, आणि दोघांचेही बरोबर असते!

तरीही वृंदगानाचा एक मोठा खटला मराठी माणसानेच लढविला आहे. ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदाला आणि समूहाला पेलणारे नाही, असा आक्षेप स्वातंत्र्यानंतर घेण्यात आला. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी झिंझोटीवर आधारलेली सुटसुटीत चाल बांधली, ती बँडवर बसवून घेतली, समूहाकडून गाऊन घेतली, आणि दिल्लीस घटना समितीच्या सभासदांपुढे प्रयोग करून दाखविला. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय झाला. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान देण्यात आला. त्या निर्णयाला संगीताबाहेरची कारणेही होती आणि त्यांचा काथ्याकूट येथे नको. आमचे म्हणणे एवढेच की गाणे समूहाला पेलते की नाही हा प्रश्न देशापुढे आला, तेव्हा त्याचा कौल वृंद चालविलेल्या माणसांनी दिला नाही.

मुंबईत मात्र एक घर होते. व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ साली ‘परांज्योती अकॅडमी कोरस’ स्थापन केला. १९६७ साली त्यांच्या निधनानंतर तो वृंद कुमी वाडिया या पारशी बाईंनी हाती घेतला आणि सुमारे अर्धशतक चालविला. स्त्रीने वाद्यवृंदापुढे किंवा वृंदापुढे उभे राहणे युरोपातही तेव्हा नवलाचे होते. या वृंदाने पाश्चात्त्य रचनांबरोबर आपल्या भाषांतील गाणी चार आवाजांत बसवून परदेशी श्रोत्यांपुढे नेली. पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून आलेल्या वनराज भाटियांसारख्या संगीतकाराने भारतीय शब्द वृंदासाठी रचले. तिकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकविली जात असे, म्हणून घुमटाच्या ठेक्यावर मांडो म्हणणारी साधी माणसेही दोन आवाजांत सहज गातात. आणि अगदी अलीकडे शिलाँगचे नील नाँगकिनरीह. लंडनमधले पियानोवादकाचे आयुष्य सोडून ते घरी परतले, २००१ साली त्यांनी ‘शिलाँग चेंबर कॉयर’ उभा केला, आणि २०१० साली चीनमधील शाओशिंगच्या वर्ल्ड कॉयर गेम्समध्ये तीन गटांत सुवर्णपदके आणली. २०२२ च्या जानेवारीत, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते गेले. परीक्षक होण्याचे त्यांचे वय तर आता कुठे सुरू होत होते.

कोणी म्हणेल, परीक्षक त्यांचे असोत की आपले, सूर तो सूर. एवढे सोपे नाही. ‘स्वरलिपीशी इमान’ ही कसोटी घ्या. आपली मींड, आपला आंदोलित स्वर कागदावर पुरता उतरत नाही. मग तो गाणारा वृंद चुकला असे लिहायचे, की कागद चुकला असे? ज्याने दोन्ही ऐकले आहे तोच सांगू शकेल. उलट स्वरशुद्धतेच्या बाबतीत आपले पारडे जड असायला हवे. तंबोरा उत्तम लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. पियानोचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, आणि जगातले उत्तम वृंद साथीवाचून गाताना पियानोचा गंधार सोडून हाच तंबोऱ्याचा गंधार शोधीत असतात. वर्षानुवर्षे घासून ते जेथे पोचतात तेथून आपली मुले निघू शकतील, पण त्यांच्या कानावर पेटीऐवजी तंबोरा पडला तर! आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. तो उपाय फार जालीम होता, पण रोग खोटा नव्हता.

राजा बढे याच नागपूरचे. त्यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले, आणि आता ते शाळाशाळांतून म्हटले जाते. सर्व मुले एकाच स्वरात, बहुतेक वेळा प्रत्येकाच्या निराळ्या पट्टीत, आणि शेवट आरंभापेक्षा चढा! ते चार आवाजांत बसवायला एक जाणता रचनाकार, चोवीस गळे, एक नादकाटा आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पुरतात. या शहरात सभागृहे आहेत, संगीतविद्यालये आहेत, चर्चमधून गाणारे आहेत, भजनी मंडळे आहेत. त्या चोवीसांपैकी एखादी मुलगी आज पंधरा वर्षांची असेल, तर परीक्षकाच्या टेबलापर्यंत पोचायला तिला पंचवीस-तीस वर्षे लागतील.

चालकांनी ध्वनिमुद्रण ऐकविण्याची सोय केली आहे. आधी फिलिपाइन्सचा वृंद आणि नंतर आपला मुंबईचा, असे दोन तुकडे ऐकू. लांब धरलेल्या स्वरात कोणी कोठे श्वास घेतला ते सापडते का, तेवढे कान देऊन पाहा. पंखे दोन मिनिटे बंद करावे लागतील, त्याची क्षमा असावी.