गंज, गोंगाट आणि उष्मा



आम्ही मोटारीच्या तळाला फासावयाच्या लेपावर बोलणार, असे कळविले तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. परंतु वसमतची हळद असो की कळमनुरीचे सोयाबीन, आपल्या जिल्ह्यातून ते ट्रकवर चढूनच बाहेर जाते, आणि तो ट्रक हाकणारा माणूस दिवसाचे दहा-बारा तास पत्र्याच्या डब्यात बसलेला असतो. तेव्हा त्या पत्र्याला खालून काय लावले आहे, हा प्रश्न काही एकट्या मिस्त्रीचा नव्हे.

आपल्याकडे समुद्र नाही, मग गंज येतो कोठून? एक तर आपल्या काळ्या मातीतून. पावसाळ्यात तिचा चिखल मडगार्डच्या आत आणि चेसिसच्या कोपऱ्यांत ठासून बसतो. वरून वाळलेला दिसतो, पण आतून कित्येक दिवस ओला राहतो. दुसरे म्हणजे खताची पोती. पोटॅश हे पोटॅशियमचे क्लोराइड, म्हणजे मिठाचे सख्खे भावंड. फुटक्या पोत्यातून ते फळ्यांच्या फटींत उतरले की कोकणची खारी हवा आपण हिंगोलीत पोत्याने आणली असे समजावे.

म्हणून गंजरोधक लेप लावतात, हे योग्यच आहे. अलीकडे मात्र गॅरेजात असे सांगतात की, त्याच लेपात रबराचा चुरा, बुचाचा भुगा किंवा काचेचे सूक्ष्म पोकळ मणी मिसळा. गंजही थांबेल, आवाजही मरेल आणि उष्णताही अडेल. एका दगडात तीन पक्षी! आमच्या संघटनेतील एका ड्रायव्हरने कर्ज काढून घेतलेल्या जुन्या ट्रकला असाच बुचाच्या भुग्याचा जाड थर लावून घेतला. दोन पावसाळे गेले आणि क्लचवर ठेवलेला पाय एके दिवशी पत्र्यासकट खाली गेला. लेप वरून धडधाकट होता; त्याच्या पोटात पाणी होते.

असे का होते? रंगात भुकटी ठराविक प्रमाणापलीकडे घातली की सर्व कण माखण्याइतका चिकट द्रव उरत नाही. कणाकणांमध्ये पोकळ्या राहतात आणि त्यांतून पाणी झिरपते. जो लेप पाणी अडविण्यासाठी लावला, तोच पाणी धरून ठेवू लागतो.

आवाजाचे पाहू. नर्सीला नामदेवांच्या भजनात टाळ वाजतात. वाजत्या टाळेला बोट टेकवा, नाद तत्काळ बसतो. लेपाचे खरे काम एवढेच आहे: थरथरणाऱ्या पत्र्याला बोट टेकविणे. त्यासाठी लेप चिवट आणि लवचीक हवा. दगडासारखा कडक होणारा रंग येथे फारसा उपयोगाचा नाही. नुसत्या वजनाने आवाज अडवू म्हणाल, तर एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पावणेआठ किलो, आणि दोन मिलिमीटर लेपाचे सुमारे अडीच किलो. एवढ्याने दोन-तीन डेसिबलच कमी होतात. त्यातही पेडल आणि गिअरच्या दांड्याभोवतीची भोके उघडी असतील तर सारेच व्यर्थ. शंभरात एक भाग उघडा असला, तरी वीस डेसिबलपलीकडे आवाज अडत नाही. ती भोके बुजविणाऱ्या रबरी टोप्या लेपाच्या मानाने स्वस्त पडतात. पण त्यांची जाहिरात कोण करणार?

उष्णतेची गोष्ट उलटीच आहे. तिला अडविणारे पदार्थ हलके आणि हवेने भरलेले असतात, आणि त्यांना जाडी लागते. दोन मिलिमीटरच्या लेपाने इंजिनाची धग अडविणे म्हणजे थंडीत गोधडीऐवजी धोतराचे पान पांघरणे होय. पंचवीस मिलिमीटरचा चांगला फोम अशा लेपाच्या तीसपट तरी उष्णता अडवितो. बॉनेटवर आणि पायाखाली जाड, न पेटणारी चटई घाला, टपाला पांढरा रंग द्या. एप्रिल-मेच्या उन्हात फरक कळेल. 2025 मध्ये नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनीत वातानुकूलन सक्तीचे झाले, हे चांगले झाले. परंतु आमचे बहुतेक सभासद त्याआधीच्या गाड्या चालवितात.

ज्यांना लेप लावायचाच आहे त्यांनी तो थराथराने लावावा. गंज खरवडून, पत्रा धुऊन, पूर्ण वाळवून, पहिला हात बिनभुकटीच्या गंजरोधकाचा. तो वाळल्यावर हवा तर रबरी चुऱ्याचा थर, आणि त्यावर पुन्हा निर्भेळ थर. पाणी निघण्याची भोके बुजवू नयेत. सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या आणि फिरता शाफ्ट यांना हात लावू नये.

आता फवारणाऱ्या पोराविषयी. हवेतील ओलाव्याने वाळणाऱ्या काही गंजरोधक रंगांत आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वाफेनेही श्वास कोंडतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवीत नाही. बंद खड्ड्यात तर बाहेरून नळीने हवा पुरविणारा मुखवटाच हवा. एका गॅरेजमालकास आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पोरगा तक्रार करीत नाही." पोरगा सतरा वर्षांचा होता आणि दोन वाक्यांमध्ये खोकत होता. मुखवट्याची किंमत लेपाच्या बिलात धरा, असा आमचा आग्रह आहे. गाडीमालकांनी बिल देताना ती ओळ आहे की नाही, हे पाहावे.