भगुणं एक, ताटं वेगळी

(नांदेड इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना सुटलेलं नंतर लिहून काढलं आहे.)



मला कविता वाचायला बोलावलंय. वाचीन. पण आधी भगुण्याबद्दल बोलणार आहे. मोठ्याचं आणि अंबाडीची भाजी ज्यात एकत्र शिजते ते भगुणं. नाव काढल्याबरोबर मागच्या ओळीतले दोघंतिघं दाराकडं बघायला लागले. बाहेर कुणी ऐकतंय का म्हणून. बघा, मलाही हेच बोलायचंय. लातूरला शिकवणीसाठी राहिलेला, नांदेडला कॉलेजात आलेला आपला पोरगा खोली घेताना पहिलं खोटं कोणतं बोलतो? 'आम्ही खात नाही.' जात सांगायच्या आधी ताट सांगावं लागतं. कारण ताट सांगितलं की जात विचारायची गरजच राहत नाही.

मी उदगीरकडचा. मॅट्रिक झालो आणि बंदरावर गेलो. आता न्हावाशेव्याला काम करतो. तिथं एका जहाजावर टांझानियाचा खलाशी भेटला. मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत आमचं जमलं. त्यानं त्याच्या घरचं जेवण सांगितलं आणि मी बघतच राहिलो. गाईबैलाचं मटण, त्यात पालेभाजी, पातळसर कोरड्यास. बरोबर उगाली म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. गोळ्याचा तुकडा तोडायचा, अंगठ्यानं त्याला खळगी पाडायची, खळगीत कोरड्यास उचलायचं. आपण भाकरीच्या तुकड्याचा द्रोण करतो तसंच. मग मी वाचायला लागलो, विचारायला लागलो. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

आफ्रिकेच्या नकाशावर कॅमेरूनपासून बोट ठेवा आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणा. या पट्ट्यात चार-पाचशे भाषा आहेत, सगळ्या एकमेकींच्या बहिणी. त्यांना बंटू भाषा म्हणतात. बंटू म्हणजे काय? माणसं. एक माणूस तो मुंटू, अनेक ते बंटू. झुलूत अबंटू, स्वाहिलीत वाटू. जमातीला देवाचं नाव नाही, धंद्याचं नाव नाही, गावाबाहेरच्या दिशेचं नाव नाही. नुसतं माणसं. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं याच शब्दाची शिवी केली. १९५३ साली 'बंटू शिक्षण कायदा' काढला आणि काळ्या पोरांना हमालीपुरतंच शिकवायचं ठरवलं. म्हणून तिकडच्या माणसाला आज तोंडावर बंटू म्हणू नका. भाषेच्या अभ्यासात तो शब्द राहिलाय, मी त्याच अर्थानं वापरतोय.

आता ऐका. स्वाहिलीत मटणाला न्यामा म्हणतात. झिंबाब्वेच्या शोनात न्यामा. झुलूत इन्यामा. बोट्स्वानाच्या त्स्वानात नामा. हजारो मैलांचं अंतर, मधे अनेक देश, अनेक राजे, लढाया, आणि चुलीवरचा शब्द एक. ही माणसं चार-पाच हजार वर्षांपूर्वी नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरून निघाली आणि शेकडो पिढ्या चालत राहिली. चालताना शब्द बदलले, पण भगुण्यातला शब्द फारसा बदलला नाही.

आणि भगुण्यात काय? केनियात सुकुमा विकी नावाची पालेभाजी खातात. सुकुमा म्हणजे ढकल, विकी म्हणजे आठवडा. आठवडा ढकलणारी भाजी! पगार संपला, मटण परवडत नाही, तेव्हा हा पाला घर पुढं नेतो. मटण मिळालं तर त्याच पाल्यात थोडं पडतं आणि सगळ्यांना पुरतं. टांझानियात म्चिचा म्हणतात तो पाला म्हणजे आपल्या माठ-तांदुळजाचा सख्खा भाऊ. झिंबाब्वेत भाजीत शेंगदाण्याचं वाटण घालतात, आपण कूट घालतो. तिथं मटणाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवतात, त्याला चिमुकुयू म्हणतात. आपण चान्या म्हणतो.

पण सगळ्यात जवळचं ताट बोट्स्वानाचं. सेस्वा, म्हणजे नुसत्या मिठापाण्यात तासन् तास शिजवून कुटलेलं गोमांस. मोरोगो, म्हणजे रानातली पालेभाजी, बऱ्याचदा चवळीचा पाला. आणि बोगोबे, म्हणजे ज्वारीचा घट्ट घाटा. ज्वारीचा! तीच ज्वारी आंबवून ते टिंग करतात. आपण आंबील करतो. नाव बदललं तर लातूरच्या उन्हाळ्यातली दुपार आहे ती.

हा योगायोग नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेची. सुदानच्या बाजूला माणसानं ती पहिल्यांदा पेरली आणि साधारण चार हजार वर्षांपूर्वी ती इकडं आली. बाजरी आफ्रिकेची. नाचणी आफ्रिकेची. चवळी आफ्रिकेची. आणि अंबाडी? जिच्या भाजीवर नांदेडचा माणूस जीव टाकतो, जिला देगलूर-बिलोलीकडं तेलुगू बोलणारे पुंटिकूर म्हणतात, ती अंबाडीसुद्धा आफ्रिकेची. आपल्या संस्कृतीचं अन्न म्हणून जे छाती फुगवून सांगतात ना, त्यांच्या ताटातली भाकरी काळ्या माणसानं पेरलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजोबांनी रेशनवर अमेरिकेचा मिलो खाल्ला, लाल, कडवट, नाकं मुरडत खाल्ला. तीही ज्वारीच होती. आफ्रिकेतून अमेरिकेत आणि अमेरिकेतून मराठवाड्यात आलेली.

आता आपल्या भगुण्याकडं या. आमच्याकडं असं करतात. थकलेल्या बैलाचं मटण कडक, शिजायला अख्खी दुपार जाते. तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ, मग गोवऱ्यांची धग. तेल कुठलं आलंय, त्याच्याच चरबीत ते सुटायचं. हळद, मीठ, लसूण-मिरचीचा ठेचा. अंबाडीचा पाला वेगळा उकडायचा, आंबट पाणी पिळून टाकायचं आणि शेवटी आत सोडायचा. दाटपणाला येसूर किंवा ज्वारीच्या कण्या. शेरभर मटणात दहा माणसं जेवायची ती पाल्यामुळं आणि कण्यांमुळं. ही गरिबीची युक्ती आहे, हे मला माहीत आहे. तिला गोंजारायला मी उभा नाही. माझी आजी सांगते, वाढून झाल्यावर बायांच्या वाट्याला रस्सा आणि खरवड उरायची. त्या भगुण्यात भूकही शिजत होती.

पण याच भगुण्याची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. अंबाडीचा पाला खायचा आणि तिच्या वाखाचा दोर वळायचा. दोर वळायचा मांगानं. त्या दोरानं बांधलेला बैल आयुष्यभर पाटलाचं शेत नांगरायचा. मेला की ओढायचा महारानं. कातडं कमवायचं ढोरानं, जोडा शिवायचा चांभारानं. जिवंत थकलेला बैल बाजारात विकला तर तो कुरेशाकडं. एकच बैल, एकच अंबाडी. महारवाड्यात तेच कोरड्यास, मांगवाड्यात तेच कोरड्यास, कुरेशी मोहल्ल्यात तेच. हैदराबादकडं त्याला अंबाडा गोश्त म्हणून पाहुण्यांपुढं ठेवतात, आणि १९४८ पर्यंत आपण त्याच निजामाच्या राज्यात होतो. वास एक, चव एक. आणि ताट? ताट वेगळं! महार मांगाच्या घरी पाणी पीत नव्हता, मांग महाराच्या भगुण्याला हात लावत नव्हता. गावानं दोघांना एकाच गटारीपलीकडं ठेवलं आणि तिथंही आपण मधे रेघ ओढली. तिकडं पाचशे भाषा बोलणाऱ्यांचा मटणाला एक शब्द, आणि इथं एक भाषा बोलणाऱ्या दोन वस्त्यांना एक पंगत जमली नाही. पँथर म्हणवतो आपण. आपल्या किती घरांत मांगाची सून भाकरी थापते? हात वर करा. राहू द्या.

कुणीतरी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर हे खाणं सोडायला सांगितलं. नीट वाचा रे. १९२७ च्या मार्चमध्ये, महाडला चवदार तळ्यावर जायच्या आधी जी परिषद भरली, तिथं त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. मेलेल्या. गावानं फेकलेलं आणि आपण उचललेलं. त्यात गुलामी होती. आपल्या लोकांनी गावोगाव ढोरं ओढणं सोडलं आणि त्यापायी बहिष्कार सोसले. त्या निर्धाराला माझा जयभीम. पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहून दाखवून दिलं, की आज नाक दाबणारे एके काळी स्वतः गोमांस खात होते, आणि अस्पृश्यतेचं मूळ या खाण्याच्या राजकारणात आहे. फेकलेलं नाकारणं वेगळं आणि विकत आणलेल्या ताज्या मटणाची लाज वाटणं वेगळं. पहिलं बाबासाहेबांनी शिकवलं. दुसरं घरमालकानं शिकवलं. मला एका घरमालकानं फोडणीच्या वासावरून महिन्याच्या आत खोली सोडायला लावली, आणि गंमत अशी की त्या दिवशी भगुण्यात नुसता सुकट बोंबील होता.

आता कायद्याचं. १९७६ चा महाराष्ट्राचा कायदा गाईपुरता होता, बैल कापायला दाखला लागायचा. ४ मार्च २०१५ पासून बैल, वळूसुद्धा बंद झाले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी ठेवली, पण दुसऱ्या राज्यातून आलेलं मटण जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम उडवलं. म्हैस तेव्हाही कायद्यात बसत होती. पण रस्त्यावर टेम्पो अडवणाऱ्याला कलम कुठं वाचता येतं? त्याला फक्त चालकाचं नाव वाचता येतं.

हे नुसतं खाणाऱ्यांचं दुखणं नाही. लाल कंधारी आपल्या कंधारची, देवणी आपल्या देवणीची. देशात नाव असलेल्या या दोन जाती याच दोन जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी जपल्या. हाळी हंडरगुळीचा बैलबाजार, माळेगावची जत्रा. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हे त्या बाजाराचं गणित. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसाला पाणी नाही तिथं म्हाताऱ्या बैलाला कुठून आणायचं, आणि विकायचा तर कुणाला? तेव्हा बैल पाळणाऱ्या पाटलालाही कळलं असेल, की त्याचा दोर आपल्या भगुण्याला बांधलेला होता. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता केलं. मातेच्या कडब्याचा भाव मात्र बापालाच भरावा लागतो.

आणि मी काय बघतो बंदरावर? रीफर डबे. उणे अठरा अंश. आत म्हशीचं मटण, बिनहाडाचं, खोक्यांत रचलेलं. हिंदुस्थान म्हशीच्या मटणाच्या निर्यातीत जगातल्या मोठ्या देशांपैकी एक आहे. व्हिएतनामला जातं, मलेशियाला जातं, आफ्रिकेत इजिप्तला जातं. डब्याला विजेची तार जोडायची, आकडा बघायचा, पुढच्या डब्याकडं जायचं. परकीय चलन आणणारं मटण कुणाच्या भावना दुखवत नाही. त्याला कागद असतात, सील असतं, साहेबाची सही असते. तेच मटण दोन किलो पिशवीत घालून माझा मामा उदगीरच्या बाजारातून निघाला की त्याची छाती धडधडते. डब्यातलं मटण देशाची संपत्ती, पिशवीतलं मटण गुन्हा! मी दोन्ही उचललंय. वजन एकाच जातीचं आहे.

शिकलेल्या पोरांनी काही केलंच नाही असं नाही. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या. २०१५ साली, बंदी आली त्याच साली, शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. पुढं २०२४ ला ते इंग्रजीत गेलं. मराठवाड्याच्या महारवाड्याचं आणि मांगवाड्याचं, दोन्हींचं स्वयंपाकघर एका पुस्तकात आहे त्यात. दोघं एका पुठ्ठ्यात बसले, एका पंगतीत बसायला काय धाड भरलीय?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. येत्या जयंतीनंतरच्या पहिल्या रविवारी इथं नांदेडात एक भगुणं चढवू. मटण म्हशीचं आणायचं, कायद्यात बसणारं, पावतीसकट, कुरेशी मोहल्ल्यातल्या दुकानातून. आणि दुकानदाराला घरच्या माणसांसह जेवायला बोलवायचं. अंबाडी देगलूरकडून आणू. बोट्स्वानात लग्नामयताला सेस्वा पुरुष शिजवतात, तेव्हा इथंही शिजवायचं पोरांनी आणि भगुणं घासायचंही पोरांनी. आया-बहिणी पहिल्या पंगतीला बसतील. भाकरी ज्यानं त्यानं आपल्या घरून आणायची आणि एका टोपल्यात टाकायची, कुणाची कुठली कळणार नाही अशी. ज्याला दुसऱ्याच्या घरची भाकरी चालत नाही त्यानं आत्ताच सांगावं, म्हणजे त्याचं मटण कमी आणू.

नावं नोंदवायला वही दारापाशी ठेवली आहे. आता कविता वाचतो.