‘मार्शल’ या विशेषणाचा विवेक

१२ मे १९३० रोजी सोलापुरात ‘मार्शल लॉ’ पुकारला गेला आणि हे इंग्रजी विशेषण तेथे घरोघरी पोहोचले. मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आलेल्या या शब्दाचा अर्थ युद्धाचा, अथवा युद्धास साजेसा, असा होय. ‘फील्ड मार्शल’मधील शब्द निराळा; ते हुद्द्याचे नाम आहे. इंग्रजीत दोहोंचे लेखन भिन्न असते, देवनागरीत मात्र भेद दिसत नाही. रणवाद्यांचे संगीत ‘मार्शल’ म्हणावे. सैनिकांच्या रुग्णालयास ‘मिलिटरी’ हेच विशेषण शोभते.

‘कोर्ट मार्शल’मध्ये विशेषण नामामागून येते, ती फ्रेंच धाटणी होय. त्याचा अर्थ सैन्याचे न्यायासन. तर ‘मार्शल लॉ’ म्हणजे मुलकी सत्ता बाजूस सारून चालणारा लष्करी अंमल. हा विवेक केवळ व्याकरणाचा नव्हे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली, ती मुलकी न्यायालयातील खटल्यानंतर. तिला ‘कोर्ट मार्शल’ म्हटले, की मुलकी न्यायासनाचे उत्तरदायित्व नकळत पुसले जाते. विशेषण चुकले, तर इतिहासही चुकतो.