थंडीत गड चढू या

थंडी पडली की आपण गोधडीत शिरतो. अंग आखडते, मनही मलूल होते. आमच्या वर्गातल्या एक मावशी यजमान गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हत्या. पौषात आम्ही त्यांना सिंहगडावर नेले. आतकरवाडीच्या वाटेने सावकाश, थांबत थांबत चढलो. चालल्याने रक्त खेळते, अंगात ऊब येते. सकाळचे ऊन मनाला उभारी देते. रात्री झोप छान लागते. गडावर पिठलं-भाकरी खाताना मावशी कितीतरी दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, "आता पुढच्या रविवारी कुठं जायचं?"

थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी प्या. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गड लांब असेल तर गावची टेकडी आहेच. चला, निघू या!